हलक्या हाताची काच

नोकरी मिळाली तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब हेमलता रासनेनं मुलाखतीला जाण्याआधीच करून ठेवला होता, तोही एका गिऱ्हाइणीच्या हातात डझनभर बांगड्या चढवता चढवता. पहिली जमा, पाठ टेकायला खुर्ची. शिरवळच्या पेठेत छत्तीस वर्षं मांडी घालून बसलेल्या बाईलाच खुर्चीला पाठ का असते ते कळतं. दुसरी जमा, दुपारचं आयतं जेवण. तिसरी जमा तिनं मनातल्या मनातसुद्धा हळू आवाजात मांडली: बांगड्या भरण्यातून सुटका, आणि तीही वाजतगाजत. लोक म्हणणार, हेमाक्काचा हात एवढा हलका की फोनवाल्यांनी उचलून नेला. हात बधिर झाला म्हणून उठली, असं कुणी म्हणणार नाही.

कारण हात बधिर झालाच होता. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. कासाराच्या धंद्यात ही तीन बोटं म्हणजे सगळं भांडवल. समोरचीचा हात हातात घ्यायचा, दाबून बघायचा, अंगठ्याचं मूळ करंगळीखाली ढकलायचं आणि हाड नेमकं कुठे वाट देतंय ते बोटांना कळलं की त्या क्षणी बांगडी सरकवायची. क्षणभर उशीर झाला की बांगडी वाढली. फुटली असं कासार म्हणत नाही, वाढली म्हणतो. गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी एका सकाळीत हेमलताच्या हातून चार वाढल्या. चौथीला शाळेतल्या बाईंच्या मनगटावर रक्ताचा ठिपका आला. थंडीनं हात आखडतात हो, असं म्हणून हेमलता हसली. बाईही हसल्या. शेजारी बसलेली धाकटी जाऊ कुसुम तेवढी हसली नाही.

कुसुमबद्दल हेमलताच्या मनात दुसरंच काही साठत होतं. त्या संक्रांतीपासून कुसुम गिऱ्हाईक ओढायला लागली होती. त्यातही तिची निवड ठरलेली: जाड मनगटाच्या, कामानं हात कडक झालेल्या, कधीच पटकन बांगडी न चढणाऱ्या बायका दिसल्या की ही उठून म्हणणार, या ना, इकडे बसा. कॉलेजच्या मऊसूत हातांच्या मुली तेवढ्या थोरल्या जावेपुढे सरकवणार. हेमलतानं याचा अर्थ सरळ लावला. कडक हाताच्या बाईच्या बांगड्या चढवून दाखवल्या की ती जन्माची बांधली जाते, आणि बैठक हळूहळू कुसुमच्या नावानं ओळखली जाते. एका घरात राहून एवढा कावा, असं म्हणत तिनं तो मनात लिहून ठेवला.

ज्या कारखान्यात मुलाखत होती तिथे फोनची पाठ, म्हणजे मागची बाजू, बनत होती. तीन वर्षांपूर्वी लोकांनी फोनला कव्हर घालणं सोडून द्यावं असं सगळ्याच कंपन्यांनी ठरवलं, पण लोकांच्या हातांनी ते ऐकलं नाही. फोन पडत राहिले. मुलाखत घेणारा इंजिनिअर प्राजक्त बर्गे, वयानं तिशीचा, बोलायला गोड, पण समोरच्याला हे माहीत नसेल अशी कायम काळजी करणारा. त्यानं हेमलताला समजावलं की गुळगुळीत काच कोरड्या हातातून सटकते, कारण कोरडी कातडी काचेला मोजक्याच ठिकाणी टेकते. हाताला थोडा ओलसरपणा असला की कातडी मऊ पडते, पसरते, जास्त जागी चिकटते आणि तीच काच हातात बसते. पण घाम सुटला की मधे पाण्याचा पातळ थर येतो आणि पुन्हा सटकते. खरखरीत केलेल्या काचेवर डाग पडत नाहीत, पण कोरड्या हाताला ती आणखी निसटती. धातू थंड आणि निसरडा. नकली चामडं धरायला बरं, पण वर्षभरात कळकट होतं.

हेमलता म्हणाली, "साहेब, जानेवारीत बांगडी काढायला सोपी जाते आणि जूनमध्ये साबण लागतो. तुम्ही हेच सांगताय ना?"

प्राजक्तनं तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा घ्यायची ठरवली. टेबलावर आठ पाठी ठेवल्या होत्या: चकचकीत काच, खरखरीत काच, धातू, सिरॅमिक, चामडं आणि त्यांचे भाऊबंद. तिनं एकेक उचलायची आणि नुसत्या बोटांनी ओळखायची. आठही बरोबर आल्या. खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. यात बोटांचा वाटा शून्य होता, हे एकट्या हेमलताला ठाऊक. पाठ उचलताना तिच्या मनगटातल्या बांगड्या त्या पाठीवर आपटत होत्या, आणि काचेवर काच कशी वाजते, धातूवर कशी, चामड्यावर कशी दबते, हे ओळखायला कासारणीला बोटं लागत नाहीत. तडा गेलेली बांगडी ती रोज आवाजावरूनच बाजूला काढते. कानानं कमावलेली नोकरी हाताच्या नावावर जमा झाली.

आता ही नोकरी ज्या काचेसाठी होती तिचं सांगायला हवं. प्राजक्तच्या मंडळींनी काचेच्या आत डोळ्याला न दिसणारा एक थर घातला होता. त्यात किंचित वीज सोडली की काच बोटाच्या कातडीला स्वतःकडे ओढते. बोट स्थिर असेल तर काही जाणवत नाही. घसरू लागलं की मात्र काच धरून ठेवते. कोरड्या हाताला जास्त ओढायचं, ओलसर हाताला कमी, हे तिनं स्वतः ठरवायचं. त्यासाठी हात किती दाबतोय आणि किती सरकतोय हे ती सतत मोजत राहते. पण किती ओढणं म्हणजे पुरेसं? ते शिकवायला एक चांगला हात हवा होता, पक्का, सावध, वस्तू कधीही न पाडणारा. सहा महिने हेमलतानं खुर्चीला पाठ टेकून दिवसाला चारशे वेळा फोन उचलला, ठेवला, फिरवला, कानाला लावला. काच तिचा हात बघून शिकली. फोन एकदाही पडला नाही.

तो का पडला नाही, हेही पुन्हा तिला एकटीला ठाऊक. बोटांना काही कळत नसल्यामुळे ती फोन आवळून धरायची. घरी तिच्या स्वतःच्या फोनला दातेरी रबराचं जाडजूड कव्हर होतं, ट्रॅक्टरच्या टायरसारखं. पेठेत त्यावरून थट्टा व्हायची. ती म्हणायची, कारखान्यात दिवसभर उघडा फोन धरते, घरी तरी त्याला अंगभर कपडे असू देत.

पहिले तीनशे फोन शिरवळ आणि आसपासच्या लोकांना वापरायला फुकट दिले. पहिल्या आठवड्यात कौतुक झालं. दुसऱ्या आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं की हा फोन पडत नाही, पण सुटतही नाही. नातवाचा फोटो दाखवायला म्हणून कुणी फोन पुढे करावा आणि समोरच्यानं धरावा, तर रस्सीखेच सुरू. तलाठी कार्यालयातल्या एका कारकुनानं फोन साहेबांच्या हातात देताना एवढी ओढाताण झाली की साहेबांना वाटलं हा काहीतरी लपवतोय. एका नवरदेवाची बायको त्याच्यावर दोन दिवस बोलली नाही, कारण तिनं फोन मागितला आणि त्याच्या हातातून तो सुटेना. खिशातून काढताना सगळा खिसाच बाहेर यायचा. लोक हसत हसत फोन परत करू लागले, आणि परत करतानाही टेबलावर ठेवून मगच हात काढून घेत होते.

वरून निरोप आला: काच सदोष आहे, शिरवळचं काम महिनाअखेर थांबवा. त्या कामावर चाळीस माणसं होती. प्राजक्तची बढती तर गेलीच, पण तो त्याबद्दल बोलला नाही. एका दुपारी तो पेठेतल्या दुकानात येऊन बसला. कुसुमनं चहा आणला. त्यानं हेमलताला सांगितलं, तुमचा काही दोष नाही मावशी, तुमचा हात तर उत्तम होता, थरच फसवा निघाला. दोन वर्षांचं काम भंगारात जाणार. उद्या अहवालावर सही करतो.

हेमलताचा हिशेब इथे अडला. ती गप्प राहिली असती तर तिचं काही जात नव्हतं. खुर्ची जाणारच होती, पण हाताचं नाव तरी उजळ राहणार होतं. आणि त्या नावावर एक मोठी गोष्ट अवलंबून होती. कुसुमची लेक ऋजुता हिचं लग्न वैशाखात होतं. रासन्यांच्या घरात आई लेकीला चुडा भरत नाही, काकू भरते. ऋजुता पाळण्यात होती तेव्हाच तो हिरवा चुडा हेमलताच्या नावावर लागला होता. आज तोंड उघडलं तर तो चुडा वाईच्या कुठल्यातरी कासाराच्या हाती जाणार, आणि मांडवातल्या प्रत्येक बाईला का ते सांगावं लागणार.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. दोन्ही हातांनी धरला होता तो तिनं. मग म्हणाली, "काच चांगली आहे, साहेब. तिला शिकवणारी वाईट निघाली."

आणि मग बांगड्यांच्या आवाजापासून रबरी कव्हरापर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं. कुसुम दारात उभी होती. तिनं ऐकलं, आणि आत निघून गेली. हेमलतानं तेही खर्चाच्या बाजूला लिहून घेतलं.

प्राजक्त आधी ओशाळला, मग चिडला, मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला आणि ओशाळलेला व चिडलेला दोघंही निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला सहा महिन्यांच्या नोंदी काढून दाखवल्या. माणूस कुठलीही वस्तू धरतो तेव्हा ती पडणार नाही त्यापेक्षा थोडाच जास्त जोर लावतो, जास्त नाही. वस्तू किंचित सरकली तर बोटं डोळा मिटायच्या आत आपोआप घट्ट होतात, मालकाला न विचारता. हेमलताची बोटं हे काम करायला तिप्पट वेळ लावत होती, म्हणून ती सुरुवातीपासूनच अडीचपट जोर लावून धरत होती. काचेनं हे पाहिलं आणि तिच्या डोक्यात बसलं की सावध हात असाच असतो. मग बाहेरच्या जगातले सगळे चांगले हात तिला निष्काळजी वाटू लागले, आणि त्यांच्या वाटची काळजी ती स्वतः घेऊ लागली.

"म्हणजे सासूच की," हेमलता म्हणाली.

प्राजक्त हसला, पण त्याची नजर पडद्यावर होती. पहिल्या महिन्याची रेघ आणि सहाव्या महिन्याची रेघ त्यानं एकमेकींवर ठेवल्या. दर आठवड्याला उशीर वाढत गेला होता, थोडा थोडा, अगदी पायरीनं. तो म्हणाला, "मावशी, हे वाढत चाललंय ते तुम्हाला कळायच्या आधीपासून काचेला कळत होतं. आम्ही तिला विचारलंच नाही."

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मनगटावर दोनदा टिचकी मारली आणि मनगटातून जाणारी शीर दबली आहे असं सांगितलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हात दाबून दाबून. शस्त्रक्रिया छोटी आहे, पण आणखी सहा महिने थांबला असतात तर अंगठ्याचा मांसल भाग झिजला असता आणि मग कुणालाच काही करता आलं नसतं. हेमलतानं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच तिला त्या काचेविषयी माया वाटली. तिला फसवून नोकरी मिळवली, आणि तिनं हात परत दिला.

शस्त्रक्रियेआधीच्या संध्याकाळी तिनं कुसुमला समोर बसवलं. लग्नाला तीन महिने होते. तोवर हात येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. तेव्हा वाईच्या कासाराला आताच सांगून ठेवू, मी लोकांना काय सांगायचं ते सांगीन.

कुसुम हरभऱ्याची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला गेल्या वर्षीच्या संक्रांतीपासून ठाऊक आहे, अक्का."

हेमलतानं उजवा हात पदराखाली घेतला.

"शाळेतल्या बाईंच्या हाताला लागलं त्या दिवसापासून. मग तुम्ही ते रबराचं कव्हर आणलंत." तिनं एक काडी बाजूला टाकली. "कडक हात मी का ओढून घेत होते असं वाटलं तुम्हाला?"

हेमलतानं खरं उत्तर दिलं नाही. वर्षभर ती कुसुमच्या नावावर जे काही मनात लिहीत आली होती, ते सगळं एका दमात खोडायला लागणार होतं, आणि त्याला थोडा वेळ हवा होता. तिनं एवढंच विचारलं, की हे माहीत असून लेकीचा चुडा माझ्याकडून काढून का घेतला नाहीस. दुसरा कासार आणायला तुला कोण अडवत होतं.

"ऋजुताचा हात माझ्यासारखा आहे, मऊ," कुसुम म्हणाली. "आणि वाढली असती एखादी, तर वाढली असती. पण चुडा दुसऱ्याकडे दिला असता तर तुमचं नाव पेठेतून उतरलं असतं, ते पुन्हा कुठून आणायचं होतं?"

शस्त्रक्रिया झाली. बोटांमध्ये आधी मुंग्या परत आल्या, आणि ज्या मुंग्यांनी तिला एके काळी झोपू दिलं नव्हतं त्यांचं तिनं पाहुण्यांसारखं स्वागत केलं. कारखान्यातलं काम थांबलं नाही. प्राजक्तनं या वेळी एका हाताऐवजी सहाशे हात आणले, दूधवाल्यांचे, शिंप्यांचे, म्हाताऱ्यांचे, आणि काचेला नव्यानं शिकवलं. शिवाय तिला एक जादा काम दिलं. वापरणाऱ्यानं परवानगी दिली, तरच ती त्याच्या बोटांची रेघ जपून ठेवते, आणि रेघ पायरीपायरीनं उतरू लागली की एक साधं वाक्य दाखवते: तुमच्या बोटांना वेळ लागतोय, डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दोन महिन्यांत एकोणीस जणांना ते वाक्य दिसलं. सतरा जण हसले आणि डॉक्टरकडे गेलेच नाहीत. दोघं गेले, आणि दोघांनी परत येऊन प्राजक्तच्या टेबलावर पेढे ठेवले. सतरातले नऊ नंतर गुपचूप गेले.

लग्नाआधी पंधरा दिवस प्राजक्तनं रासन्यांच्या घरी दोन नवे फोन पाठवले. हेमलतानं एक कुसुमच्या हातात दिला. या वेळी रस्सीखेच झाली नाही. कुसुमला तो आवडला. तिनं लगेच कव्हराचं विचारलं. हेमलता म्हणाली, कव्हर नाही, या घरात आता कुणीही फोनला कव्हर घालायचं नाही. कुसुमनं नाक मुरडलं, परवानगीच्या प्रश्नाला हो म्हटलं आणि उघडा फोन वापरू लागली.

बाराव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडला होता. हेमलता तवा ठेवायला गेली आणि तिला ते वाक्य दिसलं. कुसुमनं ते पाहून तसंच ठेवलं होतं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ती कणीक मळत होती, आणि मळता मळता मधेच उजवा हात झटकत होती, हेमलता दोन वर्षांपूर्वी झटकायची तसाच.

हेमलतानं गॅस बंद केला. सव्वा वर्षं पेठेतले सगळे कडक हात, जे तिच्या वाट्याचे होते, ते कुणाच्या मनगटातून गेले होते ते आता तिच्यासमोर लिहिलेलं होतं. तिनं कुसुमच्या हातांवरची कणीक स्वतःच्या पदरानं पुसली आणि तिला साताऱ्याच्या गाडीत घातलं. जाताना कुसुम कुरकुरत होती की घरात लग्न आहे, कामं पडलीत, अक्काला भलतंच सुचतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी सुरुवात आहे. चाकू लागणार नाही. मनगटाला पट्टी, थोडी विश्रांती, आणि सहा महिने कुणाचाही हात दाबायचा नाही. तुम्हाला एवढ्या लवकर कसं कळलं?

"काचेनं सांगितलं," कुसुम म्हणाली, आणि थोडी लाजली.

ऋजुताचा चुडा ठरल्याप्रमाणे काकूनंच भरला. बधिरपणा पुरता गेला नव्हता. मधल्या बोटाच्या टोकाला अजून दूर कुठेतरी असल्यासारखं वाटायचं. हेमलतानं मनगटावर साबणाचं पाणी लावलं, ऋजुताचा हात हातात घेतला, आणि कितीतरी दिवसांनी हाडानं वाट दिलेली तिच्या बोटांना कळली. दहा बांगड्या चढल्या. अकरावी वाढली, कुणाला न लागता. हेमलतानं तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि दुसरी घेतली. मांडवात कुणी नावं ठेवली नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, एखादी वाढावीच.

चुडा भरून झाला की भरून घेणारीनं कासाराला नमस्कार करायचा असतो. ऋजुता वाकली. तिला आशीर्वाद देऊन हेमलता उठली, पलीकडे मनगटाला पट्टी बांधून बसलेल्या कुसुमसमोर गेली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. थोरल्या जावेनं धाकटीच्या पाया पडायचं नसतं. कुसुमनं घाईघाईनं पाय आत ओढले. "अक्का, लोक बघतायत," ती म्हणाली. लोक बघतच होते.

आता कुणी काय भरलं ते पाहून घ्यावं. कंपनीनं तीनशे फोन भरले, आणि त्यांच्या बदल्यात तिला असं काही मिळालं की तिनं ते तीनशे विसरून जावेत. प्राजक्तनं एक बढती भरली, जी उशिरा का होईना, पुढच्या वर्षी मिळणार आहे. हेमलतानं खोट्या हाताचं नाव भरलं, आणि तिला खरा हात मिळाला, शिवाय बैठक. कारण कुसुमला सहा महिने हात दाबायला बंदी आहे, आणि तोवर पेठेतल्या साऱ्या कडक मनगटाच्या बायका दुकानात शिरल्या की हेमलता खुर्ची नसलेल्या जागी मांडी घालून बसते आणि म्हणते, या, इकडे बसा. कॉलेजच्या मुली कुसुमपुढे जातात. ती त्यांना रंग निवडून देते, चढवायला अक्काकडे पाठवते.

बाकी सगळं एकट्या कुसुमनं भरलं होतं, आणि त्यातलं निम्मंच परत झालंय.